नववी ब आणि मीटरवरचा लाल दिवा

डिसेंबर आला की आमच्या भागातल्या स्टेशनरीच्या दुकानांत थर्माकोलच्या पवनचक्क्या लटकायला लागतात. रेडीमेड. मागे एक छोटी मोटर, खाली सेल, बटण दाबलं की पंखा गरगर. विज्ञान प्रदर्शनाचा सीझन ना. मागच्या वर्षी माझ्या नववी ब मधे ऊर्जेचे प्रोजेक्ट सांगितले तर अठरा जणांनी पवनचक्की आणली, त्यातल्या अकरा अगदी जुळ्या बहिणी, एकाच दुकानातल्या. मी एकाला विचारलं, काय रे, ही वीज तयार करते का? तर म्हणतो हो मॅडम. मग सेल कशाला? त्याने सेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, पंखा फिरवायला.

म्हणजे आमच्या पवनचक्कीला वीज सेल पुरवत होता. आणि हे सगळं कुठे, तर ज्या वर्गाच्या खिडकीतून वनकुसवडेच्या पठारावरच्या खऱ्याखुऱ्या पवनचक्क्या दिसतात त्या वर्गात. कोयना खोऱ्यात राहतो आम्ही. इकडे धरण, वर पठारावर पवनचक्क्या, खाली उसाचे फड. ऊर्जेचं आख्खं पुस्तक आजूबाजूला पसरलेलं आणि पोरं दुकानातून सत्तर रुपयाचा थर्माकोल आणतात. त्यांची चूक नाही, मीच कधी दुसरं काही मागितलं नव्हतं.

म्हणून यावर्षी सांगून टाकलं, मॉडेल बंद. थर्माकोल दिसला की मार्क कट. तीनच अटी. प्रश्न तुमच्या घरातला किंवा गावातला पाहिजे, त्यात निदान एक आकडा पाहिजे, आणि तो आकडा तुम्ही स्वतः मोजलेला पाहिजे, गुगलचा नाही. वर्गात भयाण शांतता. दुसऱ्या दिवशी दोन पालकांचे फोन, मॅडम मॉडेल नाही तर प्रदर्शनात नंबर कसा येणार. म्हणलं बघू.

तर सुरुवात झाली मीटरपासून, आणि ती पण माझ्या डोक्यातून नाही. शेवटच्या बाकावरचा एक पोरगा, एरवी फारसा न बोलणारा, त्याने विचारलं की मॅडम मीटरवर तो लाल दिवा लुकलुकतो तो कशाला असतो. आता खरं सांगते, वीस वर्षं विज्ञान शिकवतेय, ‘कार्य आणि ऊर्जा’ धडा तोंडपाठ आहे, एक युनिट म्हणजे एक किलोवॅट अवर म्हणजे ३६ लाख ज्यूल हे झोपेत सांगेन, पण त्या दिव्याकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मला वाटायचं मीटर चालू आहे एवढंच सांगतो तो. म्हणलं उद्या सांगते. घरी जाऊन टॉर्च मारून बघितलं तर मीटरवर बारीक अक्षरात छापलेलं, ३२०० इम्प पर केडब्ल्यूएच. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. बास. एवढं सोपं, आणि प्रत्येकाच्या भिंतीवर टांगलेलं.

मग गणित फळ्यावर आलं. ३६ लाखाला ३२०० ने भागा, येतात ११२५. म्हणजे एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. दोन लुकलुकींमधे किती सेकंद गेले ते मोजा, ११२५ ला तेवढ्या सेकंदांनी भागा, की त्या क्षणाला घरात किती वॅट चाललेत ते कळलं. वर्गातल्या पोरांना भागाकार आवडतो असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

नियम घातले. मीटरला, वायरला हात लावायचा नाही, फक्त बघायचं, फ्रीज दोन मिनिटं बंद करायचा तर आईला विचारून, आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच वापरायचं, मनात एक दोन तीन म्हणायचं नाही. आधी घरातलं सगळं बंद, मग एकेक वस्तू चालू.

पुढच्या आठवड्यात वर्गात नुसता कल्ला. पंखा, पंधरा सेकंदाला एक लुकलुक, म्हणजे ७५ वॅट. चोकवाली जुनी ट्यूब, तेवीस सेकंद, ट्यूबवर लिहिलेलं ३६ वॅट पण येतात ४९, मग बाकीचे कुठे गेले, तर चोक खातो. इस्त्री, सेकंदाला जवळजवळ एक. पाण्यात टाकायचा हीटर इतका फास्ट की सेकंद मोजताच येईनात, मग एका मुलीने डोकं चालवलं आणि एका मिनिटातल्या लुकलुकी मोजल्या, ८० आल्या, म्हणजे दीड हजार वॅट. आणि ९ वॅटचा एलईडी लावला तर मीटरवरचा दिवा पेटेचना, दोघांना वाटलं मीटर बंद पडला, दोन मिनिटं होऊन गेल्यावर एकदा लुकलुकला. त्यातला एक म्हणतो, मॅडम मी श्वास रोखून बसलेलो. तोच पोरगा पुढे म्हणाला की म्हणजे आजी हीटर लावून गप्पा मारत बसते तेवढ्यात माझा बल्ब महिनाभर जळंल. सलग महिनाभर नाही, पण हीटरचा एक तास म्हणजे त्या बल्बचे १६६ तास, रोज पाच तास लावला तर महिन्याच्या वर जातोच. त्याला बरोबर म्हणलं. आजी काय म्हणाली माहीत नाही.

दोघांचा पंखा ३७ वॅटचा निघाला आणि वर्गात त्यांचा भाव वधारला, कारण नवीन बीएलडीसी पंखे ३० ते ३५ वॅटचे असतात हे मी नुकतंच सांगितलेलं. पण त्यांच्या घरी तर तोच जुना तेलकट पंखा. तीन दिवसांनी उलगडा झाला, त्यांच्या मीटरवर ३२०० नाही, १६०० छापलंय. छापलेलं वाचायचंच राहिलं होतं. मीच हे आधी सांगायला हवं होतं, पण बरं झालं नाही सांगितलं, आता ती दोघं जन्मात कुठल्या यंत्रावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पुढे जाणार नाहीत.

माझी पण एक चांगली जिरली. आमच्या वर्गात भिंतीवर मी स्वतः लावलेलं पोस्टर आहे, ‘चार्जर काढा, वीज वाचवा’. एका मुलीने नुसता चार्जर लावून, मोबाईल न जोडता, अर्धा तास मीटरसमोर स्टूल टाकून बसून बघितलं. एकदाही लुकलुक नाही. आणि सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केलेला, टीव्ही बंद, तर शंभर-एकशेदहा सेकंदाला एक लुकलुक, म्हणजे दहा-अकरा वॅट, चोवीस तास, महिन्याला सात-आठ युनिट, कोणी काही बघत नसताना. ती म्हणाली, मॅडम पोस्टर बदला. बदललं. आता तिथे सेट टॉप बॉक्सचं चित्र आहे, तिनेच काढलंय, वाईट आहे पण आकड्यासकट आहे.

आता मेन किस्सा. एका मुलाच्या घरी सगळं बंद केलं. फ्रीज, टीव्ही, सगळे बल्ब, अगदी देवघरातला झिरोचा पण. तरी साडेअकरा सेकंदाला एक लुकलुक. पोराने तीन वेळा मोजलं. शंभर वॅटच्या आसपास काहीतरी कुठेतरी चालू आहे आणि घरात तर अंधार. वर्गात मी म्हणलं शोध, हाच तुझा प्रोजेक्ट. मला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय. पोरगा वायर बघत बघत घराच्या मागे गेला, तिथून पत्र्यावरून, तिथून चुलत्यांच्या गोठ्यात. गोठ्यात शंभरचा पिवळा बल्ब, रात्रभर चालू, आणि त्याच लाईनवर दिवसा कडबाकुट्टी. वाटण्या होऊन सहा वर्षं झालेली. घरं वेगळी, चुली वेगळ्या, मीटर वेगळे, पण गोठ्याची वायर जुन्याच मीटरवर राहिलेली, कोणाच्या लक्षात नाही. किंवा होती कोणाच्या तरी लक्षात, ते मला माहीत नाही आणि जाणून पण घ्यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी आजोबा शाळेत. पांढरा फेटा, हातात काठी, सरळ स्टाफरूमच्या दारात. म्हणाले, “मॅडम, पोरांस्नी इग्नान शिकवा. भाऊबंदकी नगं.”

मी काय बोलणार. चहा मागवला. बाकीचे शिक्षक वह्यांत तोंड घालून हसत होते. आजोबांना फळ्यावरचं गणित दाखवलं, ते त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली, आणि काही न बोलता गेले. वाटलं गेलं प्रकरण कोर्टात. पण त्यांनी आठवड्याभरात सबमीटर आणून गोठ्यात बसवला, आणि दोन्ही मुलांना सांगितलं की सहा वर्षांचं मागचं कोणी काढायचं नाही, पुढचं ज्याचं त्याने भरायचं. म्हातारं माणूस शहाणं. आजोबा परत येणार आहेत या गोष्टीत, थांबा जरा.

सगळेच मीटरच्या मागे लागले नाहीत. एक मुलगी, तिच्या घरी अंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, अंगणातल्या. गॅस आहे घरी, उज्ज्वलातून आलेला, पण तो चहाला आणि पाहुणे आले तर. तिने ताणकाट्याने लाकडं वजन केली आणि शाळेतला थर्मामीटर नेला (परत आणला, शाबूत, हे नमूद करते). वीस लिटर पाणी, वीस डिग्रीचं पंचेचाळीस झालं, लाकूड गेलं दीड किलो. पाण्याला मिळाली २१०० किलोज्यूल, आणि वाळक्या लाकडात किलोला साधारण १५ हजार किलोज्यूल असतात, म्हणजे दीड किलोचे साडेबावीस हजार. शंभरातले नऊ पाण्यात गेले, एक्याण्णव गेले वाऱ्यावर. उघड्या चुलीचा आकडा पुस्तकातही साधारण दहाच्या आसपासच असतो, म्हणजे पोरीने अंगणात बसून बरोबर काढलं.

पण मजा पुढे आहे. तिने खाली लिहिलं होतं, “थंडीत आजी चुलीपाशी शेकत बसते. म्हणून ते सगळं वाया गेलं असं धरू नये.” आता कार्यक्षमतेची व्याख्या काय, तर उपयोगी ऊर्जा भागिले एकूण ऊर्जा. उपयोगी कोण ठरवणार? मी पुस्तक. ती आजी. मी दोन मिनिटं लाल पेन हातात धरून बसले आणि पूर्ण मार्क दिले. आणि त्याच तक्त्यात तिने एक कॉलम स्वतःहून टाकलेला, ‘आईचे तास’. रानातून मोळी आणायला आईला आठवड्यातून दोनदा जावं लागतं, एका खेपेला अडीच तास. लाकूड फुकट आहे असं सगळे म्हणतात ना. त्या कॉलमखाली तिने काही टीप वगैरे लिहिली नव्हती, नुसते आकडे. मी पालकसभेत तो तक्ता लावला, तेव्हा वडील बराच वेळ त्याच्यासमोर उभे होते.

गोबरगॅसवाल्यांचं लवकर सांगून टाकते कारण तो पूर्ण फसला. चौघांनी वीस लिटरचा पाण्याचा जार आणला, शेण कालवलं, नळी लावली, एम-सील लावलं, व्हरांड्यात ठेवला. तीन आठवडे काही नाही. वास मात्र मुबलक. शिपाई मामा रोज माझ्याकडे बघून नाक दाबायचे. शेवटी कळलं की ही चौघं रोज मधल्या सुट्टीत झाकण उघडून गॅस आला का ते बघत होती. अरे देवा. ज्या जंतूंना हवा चालत नाही त्यांना रोज हवा दाखवायची. त्यात डिसेंबरची थंडी, त्यांना लागते ३५ डिग्रीच्या आसपास ऊब आणि आमच्याकडे पहाटे हात गारठतात. आणि सुरुवातीला येतो तो बहुतेक कार्बन डायऑक्साईड, तो पेटतच नाही, हे मी सांगितलेलं तेव्हा यांचं लक्ष जारकडे. तरी त्यांचा रिपोर्ट मला आवडला, शीर्षकच होतं ‘आमचा गॅस का झाला नाही’. त्यात एकाने पुण्याच्या आरती संस्थेबद्दल शोधून लिहिलं होतं, डॉ. आनंद कर्वे यांची, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे नातू. त्यांनी शेणाऐवजी खरकटं, पीठ, सडकी फळं यावर चालणारा घरगुती बायोगॅस काढला, त्याला २००६ मधे ॲशडेन पुरस्कार (ब्रिटनमधला, शाश्वत ऊर्जेच्या कामासाठीचा) मिळाला, आणि त्याच्याआधी २००२ मधे उसाच्या पाचटापासून कोळसा करायच्या कामाला मिळालेला. पाचट म्हणलं की आमची पोरं कान टवकारतात, कारण तोडणी झाली की इथे अजून फडच्या फड पेटवतात आणि संध्याकाळी वर्गाच्या खिडकीवर काळी राख बसलेली असते. पुढच्या वर्षी पाचटाचा कोळसा करायचाच असं ठरलंय. शिपाई मामांना अजून सांगितलेलं नाही.

आणि कोयना. कोयनेवर कोणी प्रोजेक्ट घेईल असं मला वाटलं नव्हतं, कारण ज्यांच्या उशाशी धरण असतं त्यांना त्याचं काही वाटत नाही. सहल नेली तरी पोरं धबधब्यातच जास्त रमतात. पण तिघांनी घेतला आणि प्रश्न काय, तर एक युनिट वीज करायला धरणातलं किती पाणी लागतं. आता ‘एमजीएच’, म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची, हे सूत्र त्यांना परीक्षेपुरतं पाठ. मी म्हणलं आधी स्वतःवर करून बघा. चाळीस किलोचा पोरगा, शाळेचा एक मजला तीन मीटर, एकदा जिना चढला की ११७६ ज्यूल. एक युनिट कमवायला किती वेळा चढायचं? ३०६१ वेळा. आख्खा वर्ग गप्प. मग कोणीतरी म्हणलं, आणि लाईट बिलात ते कितीला पडतं? काही रुपयांना. म्हणजे आपण तीन हजार वेळा जिना चढलो तर हातात चॉकलेट. ऊर्जा बचतीवर मी गेल्या दहा वर्षांत जेवढी भाषणं दिली असतील त्या सगळ्यांपेक्षा हा एक भागाकार भारी पडला.

मग धरण. आमच्या शिवसागराचं, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचं, पाणी वीज करायला धरणाच्या खाली पूर्वेला जात नाही (पायथ्याला एक छोटं केंद्र आहे ते सोडा), ते डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात पोफळीला पडतं. उंचीचा फरक साधारण पावणेपाचशे मीटर. हजार लिटर पाणी तेवढ्यावरून पडलं की ४६ लाख ज्यूलच्या वर, म्हणजे सव्वा युनिट, आणि यंत्रातली घट धरली तर एक युनिटच्या थोडं वर. पोरांनी ते लगेच आपल्या भाषेत केलं, गच्चीवरची एक काळी टाकी कोकणात ओतली की एक युनिट. हीटर एक तास लावला की दीड टाकी. त्यानंतर वर्गात कोणी दिवा चालू ठेवून गेलं की बाकीचे ओरडायला लागले, अरे टाकी चालली, टाकी!

आणि पोफळीला वापरलेलं पाणी पुढे कोळकेवाडीला परत अडवतात आणि अलोऱ्याला पुन्हा वीज काढतात, मग ते वाशिष्ठी नदीत सोडतात. हे ऐकून एक म्हणाला, म्हणजे उष्टं पाणी. चारही टप्पे आणि पायथ्याचं केंद्र मिळून १९६० मेगावॅटची क्षमता, आणि धरण १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यातलं कृष्णा पाणी तंटा लवादाने विजेसाठी पश्चिमेला सोडायला ठरवून दिलेलं ६७.५ टीएमसी पोरांनी टाक्यांमधे मोजायला घेतलं, शून्यं मोजता मोजता दोघांचं भांडण झालं, शेवटी उत्तर आलं दोनशे कोटी युनिटच्या वर. तिकडे माण-खटावला पाणी नाही आणि इकडे एवढं पाणी समुद्राला, यावर वर्गात जे काय जुंपलं ते मी थांबवलं नाही, तास संपेपर्यंत चालू दिलं. एक बाजू म्हणे पाणी पूर्वेलाच सोडा, दुसरी म्हणे मग संध्याकाळी राज्यभर एकदम सगळे दिवे लागतात तेव्हा काय कोळसा फुंकणार का, कोयना बटण दाबल्यासारखी सुरू होते, कोळशाचं केंद्र तापायलाच तास लागतात. दोन्ही बाजू बरोबर बोलत होत्या. माझं मत विचारलं तर मी बेल झाली म्हणून सुटले.

या तिघांतल्या एकाचे पणजोबा धरणाच्या पोटातले. गाव पाण्यात गेलं तेव्हा काही लोक सोलापूर-सांगलीकडे गेले, काही तिकडे कोकणात, आणि यांच्यासारखे काही नुसते डोंगरात वर सरकले. त्याने रिपोर्ट देताना सहज विचारलं, “मॅडम, एका टाकीला एक युनिट धरलं. पणजोबांचं शेत कुठल्या कॉलमात लिहायचं?” मी म्हणलं तू ठरव. त्याने शेवटच्या पानावर गावाचं नाव, शेताचं नाव आणि क्षेत्र लिहिलं, त्यापुढे बरोबरचं चिन्ह काढलं आणि पुढे जागा मोकळी सोडली. त्या पानावर मी मार्क वगैरे काही लिहिलं नाही. सही केली फक्त.

पवनचक्कीवाले पण होतेच, पण यावेळी खिडकीतून. शाळेच्या गच्चीवरून चौदा पवनचक्क्या दिसतात, दहा दिवस रोज तीन वेळा किती फिरतात ते मोजलं. डिसेंबरात बऱ्याचदा चौदातल्या चारच. गावात सगळे म्हणतात बंद पडल्या, कंपनीचं काहीतरी. पण वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर वीज निम्मी होत नाही, एक अष्टमांश होते, त्यामुळे हिवाळ्याच्या मंद वाऱ्यात त्या फिरल्या काय न फिरल्या काय. यांचा खरा सीझन जून ते ऑगस्ट, जेव्हा पठारावर छत्री उलटी होते. आणि तेव्हाच धरण पण भरत असतं. मग एप्रिल-मेमधे काय, तर ऊन. हे एवढं त्यांचं त्यांनी जुळवलं, मी फक्त हो म्हणलं. जूनमधे परत मोजायचं म्हणतायत, तेव्हा ते दहावीत असतील, बोर्डाचं वर्ष, त्यांच्या आया मला मारतील.

वीजबिलांचं पण थोडं सांगते कारण यात पालकांना जास्त इंटरेस्ट आला. पोरांनी बिलं आणली आणि पहिला धक्का हा की आपण वापरलेल्या विजेचे पैसे ही एकच ओळ असते, बाकी स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क. एकाने महिनाभर घरात हुकूमशाही केली, टीव्हीचं मेन बटण बंद, हीटर बंद, आणि नऊ युनिट कमी आणले, तर बिल त्याला वाटलं होतं तेवढं कमी झालं नाही, फार हिरमुसला. स्थिर आकार तुम्ही अंधारात बसलात तरी लागतो. दुसरा गैरसमज घरोघरी, की शंभर युनिटच्या वर एक युनिट गेलं की आख्खं बिल महाग दराने. तसं नाहीये, शंभरपर्यंतचे स्वस्त दरानेच, वरचे तेवढे पुढच्या दराने. पोरांनी स्वतः भागाकार करून घरी सिद्ध केलं. एकाच्या वडिलांनी तरी मान्य केलं नाही. चालायचंच.

प्रदर्शनाचं विचारू नका. आमचा तक्त्यांचा स्टॉल, बाजूला इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी. परीक्षक आले, विचारतात वर्किंग मॉडेल कुठाय. चुलीवाली मुलगी म्हणाली, सर ते सगळ्यांच्या भिंतीवर आहे. सर हसले, पुढे गेले. नंबर जेसीबीला. पालकांचे फोन परत आले, ते मी उचलले नाहीत, खोटं कशाला बोलू.

आणि हो, मी पण एका रात्री आमच्या घरी सगळं बंद करून टॉर्च घेऊन मीटरसमोर उभी राहिले. नवरा गॅलरीतून विचारतोय काय चाललंय. चाळीस सेकंदाला एक लुकलुक. २८ वॅट. राऊटर, सेट टॉप बॉक्स आणि इन्व्हर्टर, तिघं मिळून, आम्ही झोपलेलो असताना. पोरांना खरा आकडा सांगितला तर टाळ्या पिटल्या मेल्यांनी.

आता आजोबा. फेब्रुवारीत परत स्टाफरूमच्या दारात. मी आधीच खुर्चीत ताठ झाले. पण त्यांनी खिशातून कॅलेंडरचा फाडलेला कागद काढला, त्यावर लिहिलेलं, ८००. त्यांची गावात पिठाची गिरण आहे, तिच्या थ्री फेज मीटरवरचा आकडा नातवाकडून लिहून आणलेला. म्हणाले, “ते अकराशे पंचवीस हितं चालंना झालंय. ह्याचं काय करायचं ते सांगा.” मी सांगितलं, ३६ लाखाला ८०० ने भागायचं, ४५०० येतात, पण तुम्ही सेकंद मोजू नका, एका मिनिटातल्या लुकलुकी मोजा आणि ७५ ने गुणा, तेवढे वॅट. त्यांनी तिथेच दोनदा घोकलं, पंच्याहत्तर, पंच्याहत्तर, आणि गेले.

पंधरा दिवसांनी नातू सांगतो की आजोबांनी नुसती रिकामी गिरण चालवून मोजली. दाणा न टाकता, फक्त पट्टा आणि जातं फिरतंय. आणि भरल्या गिरणीच्या तिसरा हिस्सा लुकलुकी तशाच जातात. आता ते एकाच्या डब्यासाठी गिरण चालूच करत नाहीत. चार-पाच डबे लाईनीत लागले की मगच बटण दाबतात, तोवर बाहेर कट्ट्यावर बसून राहायचं.

परवा बाजारात एका बाईंनी मला अडवलं. ओळख ना देख. डोक्यावर दळणाचा डबा.

“तुमीच का हो त्या लाल दिव्याच्या मॅडम? दोन पायली ज्वारीला तासभर बसवलंय म्हाताऱ्यानं.”